कुरुंद्याचं गिऱ्हाईक

आमचं दुकान वारंगा फाट्यावर आहे, रस्त्याला लागून. ज्याची नांदेडची गाडी चुकली, तो आमच्या फळीवर येऊन बसतो. बसला की बोलतो. गाडी आली की उठून जातो, बोललेलं मात्र इथंच राहतं. लाकडाचा भुसा निदान चुलीला तरी जातो. या किश्शांचं काय करायचं? साचत राहतात.

दुकानात आम्ही दोघं. मी सुतारकाम करतो, शब्बीरभाई पॉलिश करतात. तिसरे दत्तराव. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले. काम काही नाही, पण रोज वेळेवर हजर. विचारलं तर म्हणतात, "ड्युटी हाय!"

एरवी मी ऐकतो, सांगत नाही. पण औंदाचे किस्से सगळे एकाच पेटीचे आहेत. हातभर उंचीची, नक्षीची, ड्रॉवरवाली सागवानी पेटी. दत्तरावांनी सांगितले तर मीठमसाला लावून सांगतील. म्हणून मीच सांगतो.

*

आमची मंडळी सुनेच्या बाळंतपणाला गेली. पोरगा चाकणला कंपनीत आहे. सव्वा महिन्यासाठी गेली होती. गाडीत बसताना म्हणाली, "मिरच्या उन्हात घाला, कडी लावत जा, आलेच मी."

सव्वा महिना झाला. मग लेकराला सर्दी झाली. मग सुनेची सुट्टी संपली. मग दात यायला लागले. आता ते लेकरू भिंत धरून चालतं.

दत्तराव म्हणाले, "मिस्त्री, आता त्याची शाळा, मंग कालेज, मंग लगीन. वहिनी आता वरातीसंगंच येतात बघा!"

शब्बीरभाई हसले. मी हसलो नाही.

"तुमाला 'ये' म्हणायला काय तोंड दुखतं का?" दत्तरावांनी विचारलं.

"तिला घर ठाव हाय," मी म्हणालो.

"घर बी ठाव हाय अन् घरधनी बी ठाव हाय. म्हणूनच येऊन न्हाई राहिल्या!"

*

उभ्या आयुष्यात तिनं मला एकच वस्तू मागितली. लग्नाच्या दुसऱ्या साली. म्हणाली, "साऱ्या गावाला कपाटं करता, दिवाण करता. मला एक लहानशी पेटी करा. ड्रॉवरची. वर थोडी नक्षी." तिच्या बांगड्या, कुंकवाचा करंडा, पोराचं जावळ, सगळं बिस्किटाच्या डब्यात असायचं. अजून तिथंच आहे.

केली नाही असं नाही. पहिली केली ती एका नवरीच्या बापानं पाहिली. रुखवतात पत्र्याची पेटी आली म्हणून पोरगी रडत होती. तो माझ्या दारात हात जोडून उभा. दिली. घरी सांगितलं, तर मंडळी म्हणाली, "बरं केलं. पोरगी हसत गेली पाहिजे."

दुसरी केली तेव्हा शब्बीरभाईंच्या लेकीचं, नसीमचं लग्न होतं. सामानाचा टेम्पो दुकानासमोर लागला. मंडळी आली, पेटी पदरानं पुसली आणि स्वतःच्या हातानं टेम्पोत ठेवली.

मी म्हणालो, "अगं, ती तुझी हाय."

"माझी हाय म्हणूनच देऊन राहिले. तुमची असती तर सुटली असती का हातातून?"

टेम्पो गेला. शब्बीरभाई दिवसभर एकच फळी घासत राहिले.

तिसरी करायची राहून गेली.

*

माझ्या फोनमध्ये नावं दत्तरावांनी घातली. बायकोचं नाव मी माणसांत कधी घेतलं नाही, ते फोनला काय सांगणार? दत्तरावांनी आपल्या डोक्यानं 'घर' असं घातलं. संध्याकाळी फोन वाजला की ते वाकून बघतात आणि ओरडतात, "मिस्त्री, उठा! घर बोलावून राहिलं!"

आमचं बोलणं असं.

"जेवलात का?"

"व्हय."

"काय केलं?"

"भाकर."

"कशासंगं?"

"ठेचा."

"काल बी ठेचाच होता."

"आजचा येगळा हाय."

मग ती लेकराला फोन देते. ते फोन चाटतं. झालं बोलणं.

दत्तराव म्हणाले, "एवढं तर एसटीच्या तिकिटावर बसलं असतं. वर जागा उरली असती!"

*

पोळ्यानंतर पलंगाखालची सागवानी फळी बाहेर काढली. किती पावसाळे ती तिथं पडून होती. रंधा फिरवला तर आतून अजून वास आला. आता लोक मोबाइलवर फोटो दाखवतात, प्लायवूडचं मागतात, आठवड्यात मागतात. मी देतो. पण प्लायवूडला वास नसतो.

पेटीत खिळा एकही घालायचा नाही, असं ठरवलं. कोपऱ्याला दाते पाडले आणि दात्यात दाता बसवला.

दत्तराव म्हणाले, "कोणाची हाय?"

"गिऱ्हाइकाची."

"नाव?"

"तुमी काय चेकिंगला आले का?"

दत्तराव फळीवर जाऊन बसले. पण शब्बीरभाईंनी मला न विचारता पेटीचा फोटो काढला आणि माझ्या पोराला पाठवला. संध्याकाळी घराचा फोन. पहिल्यांदाच तिनं जेवणाचं विचारलं नाही.

"पेटी कोणाची हाय?"

दोघंही कान देऊन बसलेले. मी म्हणालो, "गिऱ्हाइकाची."

"कुठलं गिऱ्हाईक?"

मला खोटं बोलायची सवय नाही. तोंडात आलं ते बोलून गेलो. "कुरुंद्याकडचं."

कुरुंदा तिचं माहेर.

पलीकडं लेकरू काहीतरी आपटत होतं. मग ती म्हणाली, "नशीबवान हाय." आणि फोन ठेवला.

शब्बीरभाईंनी हातातलं फडकं आपटलं. "मिस्त्री, तुम आदमी हैं के बाभळी का खुंट?"

*

दुसऱ्या दिवसापासून ती त्या गिऱ्हाइकाची चौकशी करू लागली. ठेचा मागं पडला.

"नक्षी काय काढून राहिले?"

"मोर."

मोर मी डोळे झाकून काढतो. निम्म्या तालुक्याच्या देव्हाऱ्यांवर माझे मोर आहेत.

ती एकदम भडकली. "कुरुंद्याच्या बाईला मोर? मूग पेरला की मोर उकरून खातात! माझा बाप गोफण घेऊन त्यांच्या मागं पळायचा. अन् तुमी ते तिच्या पेटीवर नेऊन बसवता!"

"मंग काय काढू?"

"हळदीचं पान काढा."

हळदीचं पान कोणी लाकडावर कोरलेलं मी पाहिलं नव्हतं. खडूनं फळीवर काढून बघितलं. जमेना. सकाळच्या गाडीनं कुरुंद्याला गेलो, एका ओळखीच्या रानातून पान तोडून आणलं, समोर ठेवलं आणि तशीच पानं पेटीवर कोरली. मधली शीर जाड, बाकीच्या बारीक, कडेकडे वाकत गेलेल्या. दुपारपर्यंत पान मलूल झालं, पण त्याचा वास दुकानात भरून राहिला.

दत्तराव आत आले, नाक वर केलं आणि म्हणाले, "काय मिस्त्री, दुकानाला सासुरवाडीचा वास येऊन राहिला!"

*

वरच्या ड्रॉवरमध्ये बांगड्यांसाठी दांडी बसवायची होती. लाकडी, गोल. शब्बीरभाईंनी विचारलं, "भाबी के हात का माप क्या है?"

मी दाराची चौकट नुसत्या नजरेनं सांगतो. खिडकीचा तिरपेपणा रस्त्यावरून ओळखतो. पण हे मला सांगता येईना. फोनवर विचारावं तर गिऱ्हाइकाचं पितळ उघडं पडेल.

आठवडी बाजारात कासाराकडं गेलो. तो तिला वर्षानुवर्षं बांगड्या भरतो. बायकांच्या गर्दीत मी एकटा पुरुष उभा. म्हणालो, "आमच्या घरच्यांचं माप काय हाय?"

त्यानं हातातला बांगड्यांचा तोडा खाली ठेवला. "मिस्त्री, एवढा संसार केला. हात कधी धरला का न्हाई?"

साऱ्या बायका हसल्या. मी म्हणालो, "माप सांग."

"आधी अडीचच्या लागायच्या. आता सव्वादोन. पुण्याकडं जायच्या आधी भरल्या ना मी. हात वाळला वहिनींचा. तुमाला दिसला नसंल."

दांडी सव्वादोनच्या मापानं केली.

*

पेटी शब्बीरभाईंकडं पॉलिशला होती तेव्हाची गोष्ट. फाट्यावर चहाला एक मोठी गाडी थांबली. त्यातल्या मॅडम दुकानात आल्या. पेटीला हात लावला. ड्रॉवर ओढला, लोटला. बोटाच्या धक्क्यानं आत गेला. खूश झाल्या.

"किती सुंदर केळीची पानं कोरली आहेत!"

"हळदीची हायत," मी म्हणालो.

"मला हीच हवी. गाडीत बसेल."

"गिऱ्हाईक हाय तिला."

"मग त्यांना दुसरी करून द्या. कधी येणारेत ते न्यायला?"

मी रंधा उचलला, खाली ठेवला. शब्बीरभाईच पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "वो तो मिस्त्री को भी नहीं मालूम, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग ड्रॉवर अगदी सावकाश लावला, जसा दुसऱ्याच्या घरातला लावतात, आणि चहा न पिता गेल्या.

*

पुढं पॉलिशच संपेना. शब्बीरभाईंनी एक हात मारला, मी म्हणालो अजून एक. तो वाळला, मी म्हणालो अजून एक. पेटीत तोंड दिसायला लागलं.

शब्बीरभाई म्हणाले, "मिस्त्री, अब बस. और मारा तो लकडी का दम घुटेगा."

"कडेला फिकी हाय."

"कडेला फिकी नहीं. तुम्हारी नजर गीली है."

मी म्हणालो, भुसा गेला डोळ्यात.

दत्तराव दुकानभर बघत म्हणाले, "भुसा? आठ दिवस झाले, करवत भिंतीला टांगलेली हाय!"

*

परवाचा फोन तेवढा सांगतो.

दिवेलागणीला फोन आला. दत्तरावांनी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्याकडं बघून मिटलं. फोन माझ्या हातात दिला.

"पेटी झाली का?" तिनं विचारलं.

"झाली."

"पॉलिश?"

"ते बी."

"बांगड्यांची दांडी बसवली म्हणं. पोरानं फोटो दाखवला. सैल व्हायची न्हाई ना?"

"सव्वादोनची हाय."

ती थांबली. म्हणाली, "गिऱ्हाइकाचं माप कसं काय ठाव तुमाला?"

"कासाराला इचारलं."

"बाजारात? समद्यांसमोर?"

"व्हय."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. शब्बीरभाई पॉलिशचा बोळा हातात धरून तसेच उभे. दत्तरावांच्या ओळखीचे कोणीतरी दारात आले, त्यांना दत्तरावांनी हातानंच बाहेर थांबवलं.

ती म्हणाली, "मंग गिऱ्हाईक अजून काहून न्हाई आलं?"

"मला काय ठाव."

"तुमी बोलावलं का त्याला?"

मी पेटीकडं बघितलं. एक ड्रॉवर उघडा राहिला होता, तो लावला. लावून झाल्यावर दुसरं करायला काही उरलं नाही.

"बोलावलं का न्हाई?"

मी म्हणालो, "ये."

मग तिनं नाक ओढलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकासारखी, खणखणीत आवाजात म्हणाली,

"सुनेची आई उद्या येऊन राहिली हितं. सोमवारच्या गाडीनं गिऱ्हाईक निघतंय म्हणावं. अन् टेम्पो सांगून ठेवू नका. त्याला पेटी न्यायची न्हाई."