फणसाचे स्वर, शिसवीची व्यंजनं

गंगाधररावांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी गालातल्या गालात हसले होते, हे आधीच सांगून टाकते. पुण्याहून म्हैसूरला येऊन मला चौदा वर्षं झाली, इथल्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत नोकरी करते, आणि शुद्ध मराठीचा मक्ता आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. "या अम्मा, बसा. स्वल्प थांबा, हात धुऊन येतो," असं ते म्हणाले आणि मला मजा वाटली. या माणसाचे पूर्वज सैन्याबरोबर इकडे आले आणि कित्येक पिढ्या घरात मराठी टिकवून राहिले. माझ्या घरात ते एका पिढीतच आटत चाललं होतं. हसायचं कुणी कुणाला, हे मला तेव्हा सुचलं नाही.

माझी मुलगी स्पृहा तेव्हा पाच वर्षांची होती. खेळताना कानडी, शाळेत इंग्रजी, आणि मराठी फक्त माझी बोलणी खाण्यापुरतं. तिला घरीच मराठी वाचायला शिकवायचं मी मनावर घेतलं. माँटेसरी पद्धतीत सुटी अक्षरं असतात. पेन्सिल धरता येण्याआधीच मूल चटईवर अक्षरं मांडून शब्द तयार करतं. मराठीची अशी अक्षरं बाजारात मिळाली ती पातळ प्लास्टिकची, प्रत्येकी एक. एकच क असला तर 'काका'सुद्धा लिहिता येत नाही. असल्या वस्तू बनवणारे स्वतः कधी मुलाशेजारी बसतात की नाही कोण जाणे. शेवटी देवराज मोहल्ल्यात, शिंप्यांच्या दुकानांमागच्या बोळात, लाकडात लाकूड बसवून चित्रं करणाऱ्या गंगाधररावांचं नाव कुणीतरी सांगितलं.

स्वर निळे आणि व्यंजनं लाल हवीत, असा तक्ताच मी नेला होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"रंग कशाला, अम्मा? लाकडाला त्याचा रंग असतो की. लावलेला रंग पोराच्या हातानं जातो. फणस पिवळा तो पिवळाच राहतो."

मी वाद घातला आणि हरले. स्वर, काना, मात्रा, वेलांट्या फणसाच्या, व्यंजनं शिसवीची, असं ठरलं. माझ्या कागदावरची अक्षरं फळीवर चिकटवून ते बारीक करवतीनं कापत, मग कडा घासून बोटानं तपासत. मी गेले की प्रत्येक अक्षर पुढे करून विचारत, "ह्याला काय म्हणायचं?" मी घाईघाईत सांगे. चार-पाच खेपांनंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की जन्मभर मराठी बोललेल्या या माणसाला मराठी वाचता येत नव्हतं. कानडी चौथी झाली आणि ते या कामाला लागले होते.

त्यांच्या बायकोला, इंदिराबाईंना मात्र येत होतं. त्या माहेरच्या निपाणीच्या. मी भेटले त्याच्या तीन वर्षं आधी त्या गेल्या आणि मागे मराठीत लिहिलेली एक वही ठेवून गेल्या. ती हत्यारांच्या कपाटात, कापडात गुंडाळलेली असे.

"सूनबाईंना हिंदी वाचता येतं ना? अक्षरं तीच. त्या वाचून दाखवतील," मी म्हटलं.

"नको. तिनं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही मला. मीच वाचणार."

खंडेनवमीला त्यांनी अक्षरांची पेटी हत्यारांबरोबर पूजेत ठेवली आणि दसऱ्याच्या सकाळी माझ्या हातात दिली. एकेका खणात एकेक अक्षर, प्रत्येकाचे दहा-बारा नग.

"आज अक्षर सुरू करायचा दिवस, अल्वा? मलापण शिकवा. अक्षरं कळतात आता. जोडून वाचायला येत नाही." त्यांचं 'अल्वा' म्हणजे आपलं 'नाही का'.

मिरवणुकीसाठी रस्ते बंद व्हायच्या आत मला घर गाठायचं होतं. "रविवारी येते, काका. महिनाभराचं तर काम आहे," मी म्हटलं.

"हौदु, हो. रविवारी या."

तो रविवार आला नाही. एकदा ऑफिसचं काम, एकदा पाहुणे, एकदा नुसता कंटाळा. त्यांनी कधी फोन केला नाही, त्यामुळे मला ते विसरणं सोपं गेलं. एकदा देवराज मार्केटात ते समोरून येताना दिसले, तर मी चक्क फुलांच्या ढिगामागे वळले. त्याची आजही लाज वाटते. स्पृहा सहा महिन्यांत वाचायला लागली आणि पेटी कपाटावर गेली.

दीड वर्षानं त्यांच्या सुनेचा, पवित्राचा फोन आला. "साखरेनं मामांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. दोन ऑपरेशनं झाली. उजेड कळतो, बाकी काय दिसत नाही. ती अक्षरं बरी आहेत का विचारतात, म्हणून केला."

मी पेटी घेऊन गेले. काय बोलावं सुचेना, म्हणून वही मी वाचून दाखवते असं म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पेटीत हात घालून एक तुकडा उचलला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "म." दुसरा उचलला. "ठ." सगळी त्यांनीच कापलेली, बोटांना पाठ होती.

काना, मात्रा, वेलांटी त्यांना तीन रविवारांत आली. महिनाभर लागेल म्हणून जे मी दीड वर्ष टाळलं, ते तीन दुपारींत झालं. डोळे असताना झालं असतं तर त्यांनी ती वही स्वतः, एकट्यानं वाचली असती.

चौथ्या रविवारी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. "तोंडानं वाचायचं नाही. फक्त लावा. मी वाचतो."

पहिल्या पानावर पाडव्याची तारीख होती आणि खाली एकच ओळ. ती मी मनातल्या मनात वाचली. क्षणभर वाटलं, दुसरंच काहीतरी मांडावं, त्यांना कुठे कळणार आहे. पण आधीच एवढी फसवणूक झाली होती. मी एकेक अक्षर चटईवर लावलं. ते खाली बसले, डावीकडून बोट फिरवत, पुटपुटत, परत मागे येत. बऱ्याच वेळानं ओळ पुरी झाली.

"यंदा यांना वाचायला शिकवायचं."

मी पानं चाळली. पाककृती, ओव्या, नातेवाइकांचे पत्ते, आणि दर पाडव्याला तीच ओळ. सतरा पाडवे.

त्यांचं बोट परत पहिल्या अक्षरापाशी गेलं आणि त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"तिलापण रविवार मिळाला नाही, अल्वा?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी चाचपून एकेक अक्षर आपापल्या खणात परत ठेवलं. "पुढची ओळ लावा, अम्मा."

आता मी एकही रविवार चुकवत नाही. एका बैठकीत चार ओळी होतात. वही शंभर पानांची आहे, आणि गंगाधरराव त्र्याहत्तर वर्षांचे.