कोंडाजी ड्रायव्हरचा तांबडा दिवा

पिरंगुटात तेव्हा एकच लॉरी होती आणि ती चालवणारा माणूसही एकच, कोंडाजीकाका. लॉरी कुशाबा पाटलांची. चोपन्न सालाच्या अखेरीस लष्कराने मोडीत काढलेल्या लढाईतल्या गाड्यांतून त्यांनी ती उचलली, तेव्हा काका त्यांच्याच घरी बैलगाडीवर होते. महिनाभर पुण्यात राहून ते ड्रायव्हर होऊन आले. त्यांचं स्वतःचं गाव मुळशीच्या धरणात गेलेलं. पाटलांच्या वावराच्या कडेला एक खोपटं त्यांना मिळालं होतं, तेही लॉरी हाकतात म्हणून.

बैल गेले तरी बैलांची सवय गेली नाही. सकाळी ते लॉरीला नदीच्या पाण्याने धूत, चाकांवर थापटत, चढाला तिच्याशी बोलत. बेंदराला शिंगं रंगवणारा त्यांचा हात दसऱ्याला लॉरीवर फिरे. दर दसऱ्याला लॉरीला नवा हिरवा रंग. एकेक दिवा, एकेक पाटी खोलून ते खालीसुद्धा ब्रश फिरवत आणि रंग वाळला की सगळं पुन्हा जागच्या जागी बसवत. बोटभर लोखंड उघडं दिसलं तर त्यांना झोप येत नसे. मग झेंडूचा हार, नारळ, आणि पाटील चारचौघांत म्हणत, "गाडी बघा, नवरीवानी हाय."

मागचा तांबडा दिवा मात्र काकांच्या वाइटावर होता. ब्रेक दाबला की तो लागायला हवा. कधी लागे, कधी नाही. खड्ड्यात चाक आदळलं की पेटे, सपाट रस्त्यावर विझे. काकांनी बल्ब बदलले, होल्डर चिंचेने घासला, बॅटरीपासून नवी वायर ओढली. पुण्याच्या दोन मिस्तऱ्यांनी हात टेकले. आदल्या वर्षी भुगावच्या उतारावर दिवा लागला नाही आणि मागून एक जीप येऊन आदळली. जीपवाल्याचा हात मोडला. पाटलांना पौडच्या पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागले. काका वायरीला शिव्या घालत राहिले.

चहाच्या टपरीवर नथू न्हावी त्यांना हटकून डिवचे. "धरणाच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागत्यात, आन् ह्या धरणातल्या माणसाला एक दिवा लावता येईना!"

"तुझा वस्तरा तरी कुटं रोज चालतुया?" काका म्हणत. पण चहा अर्धा ठेवून उठत.

एकसष्ट सालच्या दिवाळीत मी सुट्टीला घरी आलो. पुण्यात मोटारीच्या विजेचं काम शिकायला लागून मला दीड वर्ष झालं होतं. काकांनी मला रस्त्यातच गाठलं.

"बुधवारी गाडी पासिंगला न्यायचीय. औंदा दिवा न्हाई लागला तर पाटील जयाला शीटवर बसवनार हायेत. तू शिकलेला हायेस, बघ की जरा."

जया हा पाटलांचा पुतण्या. लायसन मिळून त्याला दोन महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या खळ्यात मी लॉरीच्या मागे बसलो. काका केबिनमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून. पाटील आणि जया बघायला उभे. बल्ब चांगला होता, वायरीतून वीजही नीट येत होती. मग राहिली परतीची वाट. मोटारीत दिव्याला एकच वायर येते; वीज बॅटरीकडे परत जाते ती गाडीच्या लोखंडातून. मी सांगाड्याचा थोडा रंग खरवडला, वायरचा तुकडा एका टोकाने तिथे आणि दुसऱ्या टोकाने दिव्याच्या पत्र्याला टेकवला. दिवा लख्ख लागला. हलवला तरी विझेना. तुकडा काढला, विझला.

दिवा खोलला. त्याच्या खाली रंगाचे थरावर थर होते, सात वर्षांचे. दिवा लोखंडाला टेकतच नव्हता. धक्का बसला की बोल्ट कुठेतरी शिवे, तेवढाच उजेड.

"सापडलं!" मी ओरडलो. "काका, तुमच्या रंगानं झालंय हे! वायरीचा काही दोष नाही!"

"कुटला रंग?" पाटलांनी विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं. थर नखाने सोलून दाखवले. दसऱ्यानंतरच दिवा जास्त का रुसायचा तेही सांगितलं. मला फार आनंद झाला होता.

"मंजी भुगावची जीप..." पाटील म्हणाले, आणि मी काय बोलून बसलो ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

काका केबिनमधून उतरले. पाटील त्यांना म्हणाले, "सात वर्सं वायरीच्या नावानं बोंब मारतुयास, आन् दिवा तूच मारत हुतास व्हय रं?"

"उघडं लोखंड गंजतं, पाटील. गाडी सडू नये म्हून दिला रंग."

"गाडी न्हाई सडली. माजं नाव सडलं."

जया हसला. पुण्याच्या मिस्तऱ्यांनाही हे दिसलं नव्हतं, असं मी म्हणालो. तोवर पाटील वाड्याकडे वळले होते.

मी कानस घेऊन लोखंड उघडं केलं, दिवा घट्ट बसवला. बुधवारी लॉरी जयाने नेली आणि ती पास होऊन आली. तो पेढे वाटत फिरला. काकांनीही हात पुढे केला.

"लागला का?" त्यांनी विचारलं.

"एकदाबी चुकला न्हाई."

"बरं झालं," म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला.

शनिवारी मी खोपटावर गेलो. खोपटं ड्रायव्हरचं, आणि ड्रायव्हर आता जया. सारजाकाकू भांडी पोत्यात भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या इंजनेर. आता काय दुरुस्त करायचं ऱ्हायलंय?"

"त्याला बोलू नगंस," काका म्हणाले. "पोरगं खरंच बोललं."

मग पोत्याचं तोंड बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी केबिनीत हुतो. उतरून मागं येस्तवर तरी दम धरायचास."

पोतं उचलायला मी हात लावला. त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि सूस गावच्या वाटेला लागले. तिथे त्यांच्या मेव्हण्याला गडी हवा होता.