पट्टीवरचा शेक

पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीपलीकडे एक माणूस बसतो. त्याचा मला राग आहे आणि तो सोडायचा माझा अजिबात विचार नाही. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, दुखण्यावरच्या पट्ट्या त्यानंच दिल्या. "पाठीवर लावा, तीन दिवसांनी बदला. पुढचे कोण?" एवढंच बोलला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्याआधी डॉक्टरांनीही मोबाईलवरची नजर न काढता "औषध स्ट्राँग आहे, लहान मुलांपासून लांब ठेवा" असं सांगून आम्हाला वाटेला लावलं होतं. आमच्या घरात लहान मूल नव्हतं. आई होती.

आबांचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. काही महिने आहेत असं दवाखान्यातच सांगितलेलं, आणि ते आबांनी कबूल केलं होतं. यंदाचा भात खळ्यात आलेला बघायचा, एवढाच त्यांचा हट्ट होता. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. मी लग्न होऊन नसरापूरला दिलेली, तिथून जाऊन-येऊन करत होते. गोळ्यांनी भागेना म्हणून या पट्ट्या आल्या. बघायला साधी चिकटपट्टी, पण आत अफूच्या जातीचं औषध, कातडीतून थोडं थोडं अंगात उतरणारं.

आता आईचं ऐका. तिनं जन्मभर दुखण्यावर एकच उपाय केला. तेल चोळायचं, तव्यावर गरम केलेलं एरंडाचं पान वर बांधायचं, आणि फडक्यात गुंडाळलेल्या विटेनं शेकायचं. शेकलं की तेल आत मुरतं. तिला पट्टीही तशीच वाटली. "नुसती वरच्यावर चिकटून काय व्हनार? औषिद आत मुराया नको?" असं ती नंतर मला म्हणाली. तिचा तर्क अगदी बरोबर होता, शेकानं औषध खरोखरच आत मुरतं. मुरू द्यायचं नव्हतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी दुपारी घरी पोचले तर आई ओसरीवरच आडवी आली. "हळू बोल गं. लई दिसांनी झोप लागलीया त्यास्नी." चुलती डोकावली, तिलाही तिनं परतवलं. मी दारातूनच बघितलं. आबा कुशीवर होते, पाठीला वीट टेकवलेली, तोंडावरचा ताण पार गेलेला. मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकला. आतून घोरणं ऐकू येत होतं, जड आणि लांबलांब. मग ते थांबलं. आई म्हणाली, "आता कसं शांत निजल्यात बघ."

भोरहून डॉक्टर आले. त्यांनी वीट काढली, पान काढलं, लाल झालेल्या कातडीवरची पट्टी बघितली आणि मला मागच्या गोठ्यापाशी बोलावलं. "पट्टीवर शेक दिला की औषध एकदम उतरतं. श्वास मंदावत जातो आणि माणूस झोपेतच जातो. तिकडे कुणी बजावलं नाही तुम्हाला?" मी नाही म्हटलं. "आईंना मात्र बोलू नका," ते म्हणाले. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांनी कॅन्सर लिहिलं. आबांचा भात अजून शेतात उभा होता.

दिवसकार्य झाल्यावर मी दवाखान्यात गेले. तिथल्या व्यवस्थापकानं पट्टीच्या पाकिटातला कागद माझ्यापुढे उलगडला. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. "यात गरम काही लावू नका असं स्पष्ट लिहिलंय मॅडम. वाचायची जबाबदारी तुमची. आणि तसंही, किती दिवस उरले होते त्यांचे?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. जे उरले होते ते आबांचे होते. या टायवाल्यानं ते हिशेबातून वजा करायचे नव्हते.

भोरच्या वकिलाला केस पटली. धोका समजेल अशा भाषेत सांगितला नाही ही त्यांची कसूर आहे, ग्राहक मंचात दाद मागता येईल, असं तो म्हणाला. फक्त दाखल्यावर कॅन्सर होता, त्यामुळे शेक दिला हे आईनं स्वतः सांगायला हवं होतं. मी आईला घेऊन गेले. दवाखान्याची तक्रार करायची आहे, एवढंच तिला सांगितलं.

तिनं सगळं सांगितलं, आणि हौसेनं सांगितलं. पान कसं भाजलं, वीट किती वेळ धरली, त्यांना कशी झोप लागली. वकील खूश झाला. "उत्तम! आता बघा आजी, समोरचा वकील तुम्हाला विचारणार, पट्टीवर शेक द्यायला कुणी सांगितलं होतं? तुमच्या शेकामुळंच..."

"बास!" मी ओरडले. त्याचं पुढचं वाक्य ऐकायला मी थांबलेच नाही. आईचा दंड धरला आणि तिला जिन्यावरून खाली आणलं. एसटी स्टँडवर ती घाबऱ्याघाबऱ्या म्हणाली, "माजं काय चुकलं का गं?"

"न्हाई गं आई. वकीलच बेअक्कल हाय."

केस केलीच नाही. भावकीत कुजबुज झाली की हिनं दवाखान्याशी मिटवून घेतलं. बोलू देत, त्यांची तोंडं मी धरायला जात नाही. तो खिडकीतला माणूस आजही तसाच "पुढचे कोण?" म्हणत असणार, व्यवस्थापक तोच कागद कुणापुढे तरी उलगडत असणार. ते सुटले. माझ्या आईच्या जिवावर सुटले आणि त्यांना ते ठाऊकही नाही. याच गोष्टीनं मी जळते.

आई येईल-जाईल त्याला सांगते, "शेवटाला माज्या हातच्या शेकानं झोप लागली त्यास्नी." मी शेजारी बसून मान हलवते.

थंडीत माझी कंबर धरते. मी माहेरी गेले की ती तव्यावर एरंडाचं पान टाकते. "पालती नीज. हलू नगं, मुरू दे." मी उशीत तोंड खुपसून दात आवळते. विटेची ऊब पाठीत उतरत जाते.

"वाटतंय का बरं?" ती विचारते.

"व्हय," मी म्हणते.