नव्या ब्लॉगवरचं दुसरं नाव

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधायला निघालेल्या बायकोशी मी दोन दिवस वाद घातला होता. या सदरातले अनुभव वाचून आजवर हसतच आलो... आणि आता स्वतःच लिहायला बसलोय. हसा, पण पूर्ण वाचा. यात घाबरण्यासारखं थोडं आणि लाज वाटण्यासारखं पुष्कळ आहे.

रायपूर, चौबे कॉलोनी, दुसरा मजला. गेल्या जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा. माझा एक मराठी ब्लॉग आहे, बराच जुना. तो जिथे होता ती साइट बंद होणार अशी मेल आली, म्हणून दुसरीकडे हलवायचा होता. काम सोपं – सगळ्या लेखांची एक फाईल उतरवायची आणि नव्या ठिकाणी चढवायची. चढवताना विचारतात, फाईलमध्ये अमुक लेखक सापडले, त्यांचे लेख कुणाच्या नावावर टाकू? माझ्या ब्लॉगवर लेखक एकच, मी. पण तिथे दोन नावं आली. माझं, आणि त्याखाली – शालिनी देवघरे.

या नावाची कोणी बाई मला माहीत नव्हती. मी दोन्हींपुढे माझंच नाव निवडलं. लेख चढले. उघडून पाहतो तर सात लेखांवर शालिनी देवघरे. सगळं पुसून पुन्हा चढवलं. पुन्हा तेच. मग ते सात लेख कोणते ते पाहिलं आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

आता कबूल करतो. ते सात लेख माझे नाहीत. बीरगावला माझा थोरला भाऊ आणि मंगलावहिनी राहतात. वहिनींचे वडील रेल्वेत गँगमन होते, आणि तुमसरजवळच्या रेल्वे क्वार्टरमधलं आपलं लहानपण त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. सहा वर्षांपूर्वी ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. "जरा पाहून द्या भाऊजी, तुम्ही लिहिता ना," म्हणाल्या. मी पाहिली. माझ्या सगळ्या लेखांत मिळून नाही ते त्या वहीत होतं. मी त्यातल्या मुलीच्या जागी मुलगा घातला आणि एकेक करून माझ्या नावाने टाकलं. 'सर, डोळे पाणावले' अशा प्रतिक्रिया आल्या, त्या मी चवीने वाचल्या. वहिनींना सांगितलं, वही गोंदियाच्या गाडीत राहिली. "जाऊ द्या, काय होतं त्यात एवढं," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. वही माझ्या कपाटात होती, स्वेटरांच्या खाली.

हे मी सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही.

पण नाव मंगला नव्हतं ना, म्हणून मला धीर आला. म्हटलं, काहीतरी तांत्रिक घोळ असणार... आणि लेखांवरची नावं नीट येत नाहीत एवढंच सांगून मी पुतणीला बोलावलं. रश्मी, वहिनींचीच मुलगी. शंकर नगरच्या एका ऑफिसात वेबसाइटचं काम करते. तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदीच. लेख काही ती वाचायची नाही, असं मी धरून चाललो.

रश्मीने ब्लॉगवरचं ते नाव पाहिलं आणि फाईल उघडून त्यात शोधलं. फाईलमध्ये ते कुठेच नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली.

"काका, ये नाम आपको किसने बताया?"

"काहून?"

"मम्मी का है. शादी के पहले का. दादी ने शादी में बदल दिया था ना... पापा तक भूल गए होंगे."

दादाच्या लग्नात मी पहिलीत होतो. माझ्यासाठी त्या पहिल्यापासून मंगलावहिनीच.

तोवर रश्मी लेख वाचायला लागली होती. वडिलांचा डबा घेऊन रुळांच्या कडेने चालत जाणं, हे तिने लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलेलं. तिचे डोळे भरले. "ये आपने मम्मी के लिए किया ना, छुपा के? बस मम्मी को लड़का क्यों बना दिया?"

"हव," माझ्या तोंडून निघालं. "ते सुधरवायचं राहिलं."

संध्याकाळपर्यंत बसून मी त्या मुलाची पुन्हा मुलगी केली. 'सर' म्हणणाऱ्या प्रतिक्रिया तेवढ्या पुसल्या.

पुढच्या रविवारी वही घेऊन बीरगावला गेलो. रश्मीने आपला समज घरी आधीच सांगून ठेवला होता. वहिनींनी मोबाईलवर आपलं नाव दोन-तीनदा वर-खाली करून पाहिलं. "हे नाव माझ्या माहेरीही आता कोणी घेत नाही," म्हणाल्या. "तुम्हाले कुठून सापडलं?"

"सापडलं," मी म्हणालो.

वही मांडीवर घेऊन त्यांनी पहिलं पान उघडलं. मग म्हणाल्या, "वही हरवली म्हणाले होते ना तुम्ही, तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाले खूप वाईट बोलली होती, भाऊजी. अन् तुम्ही तर माझ्यासाठीच करून राहिले होते. माफ करा मले."

दादा माझ्याकडे कौतुकाने पाहत होता. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "असू द्या वहिनी," आणि पुढ्यातला चहा प्यायलो.

ते नाव तिथे कसं आलं हे मला आजही सांगता येत नाही. वही परत देण्याआधी पान न् पान चाळलं होतं, त्यातही 'सौ. मंगला' एवढंच. रश्मीला वाटतं नाव मीच घातलं, त्यामुळे ती पुढे शोधत नाही, आणि मी तिला शोध म्हणू शकत नाही. वहिनींनी आता आठवा लेख लिहायला घेतलाय. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात, भाऊजींनी माझं नाव मले परत आणून दिलं. ते ज्या कोणी आणलं, त्याचंही श्रेय मी घेऊन बसलोय.