उजवी पाकळी

रवळूआप्पा गुरवाला साधं काही विचारलं तरी तो आधी डोळे मिटायचा, मग उत्तर द्यायचा. पाऊस येईल का म्हटलं, तर म्हणे, "सकाळी आल्ता. फुडचं मला ठावं न्हाय." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेला आणि पोरगा आळशी आहे असं तिच्या बापाला सांगून, जुळत आलेलं लग्न मोडून आला. घरच्यांनी महिनाभर अबोला धरला.

मी तेव्हा खानापूरच्या जंगल कचेरीत कारकून होतो. कणकुंबीच्या वाटेवरच्या त्याच्या गावी देवीची राई होती. तिच्यातली वाळकी काटकीही कुणी चुलीसाठी नेत नसे. राईतल्या बारमाही झऱ्यावर सगळं गाव जगायचं. महायुद्ध सुरू झालं, रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड पुरेना. भोवतालचं रान उघडं पडल्यावर साहेबांची नजर राईकडे वळली. गाव वाट अडवून बसलं.

युक्ती मीच काढली. देवीला कौल लावू, ती नको म्हणाली तर राई सोडू. साहेबांनाही दंगा नको होता, ते कबूल झाले. कौलाला देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कुणी जात नाही. म्हणजे आप्पा सांगेल तेच खरं, राई वाचली, असं मी धरून चाललो. काय सांगायचं ते तुमच्या हातात आहे, असं त्याला हळूच सुचवलंही.

"माझ्या हातात काय हाय?" म्हणत तो आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"उजवी पडली," एवढंच बोलला आणि पायरीवर बसला.

दोन महिन्यांत राई भुईसपाट झाली. दुसऱ्या वर्षी झरा आटला. बायका डोंगर उतरून कोसावरच्या ओढ्याला जाऊ लागल्या. आप्पाची सून भरल्या घागरीसकट घसरली, ती पुन्हा धड चालली नाही. गावाने आप्पाला बोल लावला नाही, देवीलाच लावला. देवळात दिवा लावायलाही तो एकटाच उरला.

त्याच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो. त्या दिवशी तुम्ही खोटं बोलाल म्हणूनच मी कौल सुचवला होता, हे एकदाचं सांगून टाकलं.

"कळल्तं मला," तो म्हणाला. "पन जीभच वळली न्हाय. डावी म्हणाय पायजे हुतं, अण्णा. पाप झालं माझ्या हातनं."

ते पाप आमचं, कचेरीचं आहे, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. त्याला ते पटलं नाही. जन्मभर खरं बोललेला माणूस खरं बोलल्याची लाज घेऊन गेला.