बरबटीचा बर्गर

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या गावांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, खेळतं, त्यातल्याच एका गावचा उमेंद्र पटले. वय तेहतीस. धानाची शेती, स्वतःचा ट्रॅक्टर, दारात दोन म्हशी. तंबाखूच्या खर्ऱ्याला शिवत नाही, कोणावर चिडत नाही, कोणाच्या घरी कार्य असलं की बोलावण्याआधी हजर. खोट काढायचीच म्हटली तर एकच. उमेंद्रची जीभ त्याच्या डोक्याच्या दोन बांध्या पुढे चालते. उचलली जीभ, लावली टाळ्याला, आणि मग निस्तरत बसायचं. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे दंडारीचं लोकनाट्य होतं. एका वर्षी दंडारीचा पेटीवाला आलाच नाही, तेव्हा "पेटी मी वाजवतो" असं हाच गर्दीतून बोलला होता. पेटी समोर ठेवल्यावर कळलं, की याने आजवर ती फक्त उचलून ट्रॅक्टरमध्ये ठेवली होती. गावातले लोक अजून त्याला चिडवून मास्तर म्हणतात आणि हा गृहस्थ अजून वळून बघतो.

अशा या गुणी पोराचं लग्न काही जमत नव्हतं. शेती करणाऱ्याला हल्ली मुलगी मिळत नाही, हे सांगायला पेपर वाचावा लागत नाही. यात मुलींचं चुकतं असं कोणी म्हणू नये. चिखलात वाकून रोवणी करता करता ज्यांच्या पाठी मोडल्या, त्या आयांनीच आपल्या लेकींना सांगितलंय की बाई, काहीही कर, शेतकरी करू नको. उमेंद्रला हे कळत होतं. पण कळून दुःख थोडंच कमी होतं? प्रत्येक नकारानंतर तो दोन दिवस कमी बोलायचा, आणि त्याची आई शामकलाबाई त्या दोन दिवसांनीच जास्त हबकायची.

त्यात गोंदियाचं स्थळ आलं. मुलीचं नाव चेतना. डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी, चष्म्याचे नंबर काढते. तिचे वडील भैयाजी, राइस मिलमध्ये तांदळाची प्रत पारखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. उमेंद्र आईवडिलांबरोबर मुलगी पाहायला गेला. चहा झाला, चिवडा झाला, आणि मोठ्यांनी दोघांना जरा बोलून घ्या म्हणून गच्चीवर पाठवलं. चेतनाला समोरच्याकडे रोखून बघायची सवय. उमेंद्रला वाटलं, ही आपलाही नंबर काढतेय. जन्मात पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचेना. खाली रस्त्यावर बर्गरची गाडी उभी होती. तिच्याकडे बोट करून तो बोलून गेला, "हा तं मी घरीच बनवतो. बरबटीचा."

"फुटत नाही?" चेतनाने लगेच विचारलं. तिनेही घरी बरबटीचा, म्हणजे चवळीचा, करून पाहिला होता आणि दर वेळी तव्यावर त्याचा भुगा झाला होता.

"माह्यावाला? फेकून मारला तरी फुटत नाही."

ती मोकळेपणाने हसली. रविवारी आम्ही घर पाहायला येणारच आहोत, तेव्हा तुमच्या हातचा बर्गर खाऊ, असं म्हणून जिना उतरून गेलीसुद्धा.

परतीच्या वाटेवर उमेंद्रच्या पाचावर धारण बसली. बर्गर त्याने आयुष्यात दोनदा खाल्ला होता, तोही दुसऱ्याच्या पैशाने. खरं अवघड हे होतं की चेतना त्याला मनापासून आवडली होती. आजवरच्या मुलींनी नोकरी आहे का विचारलं, शहरात घर घेणार का विचारलं. हिने विचारलं, फुटत नाही? असं विचारणाऱ्या बाईबरोबर जन्म मजेत जाईल, अशी त्याची खात्रीच पटली. आणि आता ते सगळं एका टिक्कीवर येऊन ठेपलं होतं.

शामकलाबाईंचे बरबटीचे वडे पंचक्रोशीत नावाजलेले. त्यांनी सांगून टाकलं, की टिक्क्या मी करते, तू फक्त पावात घालून दे, कोणाला काय कळतं. मोह मोठा होता. पण उमेंद्र कबूल झाला नाही. बोललो मी, तर हातही माझेच लागले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. तिला खोटा वडा खाऊ घालून घरी आणायचं, म्हणजे पुन्हा पेटीवाल्याचीच गत. उतावळा नवरा असला, तरी गुडघ्याला बाशिंग बांधायची त्याची तयारी नव्हती.

सोमवारी त्याने भिजलेली बरबटी वाटली, तीही चांगलं वाटीभर पाणी घालून. टिक्की तव्यावर पडली, उलथनं लागलं, आणि भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा व्हावा तशी एकीच्या दोन झाली. पुढच्या उलथ्याला तालुके पडले. मग त्याने पाणी बंद केलं, बरबटी जाडसर ठेवली, किसलेल्या गाजराचं आणि कांद्याचं पाणी फडक्यात पिळून काढलं. हिरवी मिरची, लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर, भाजलेल्या जवसाचा कूट. चव अशी बसली की शामकलाबाईंनी उभ्याउभ्या दोनदा चाखलं. चव बसली, पण अंग बसेना. उमेंद्रचे वडील टेकचंद तो भुगा रोज भातावर घेऊन जेवत आणि म्हणत, भाजी चांगली झाली, हिला इंग्रजी नाव कायले देता. मोबाइलवरच्या एका बाईने बोटं नाचवत सांगितलं, की टिक्कीत शिजलेला भात घाला, तो सगळं धरून ठेवतो. उमेंद्र उठून उभाच राहिला. भात तर घरचा!

इथे टेकचंदबद्दल सांगायला हवं. या माणसाचा देव तांदळात. घरात बारीक, वासाचा तांदूळ वर्षभर जुना करून कोठीत ठेवायचा आणि पाहुणा आला की तोच शिजवायचा. शितावर शीत चढता कामा नये. ताटात भात वाढला की दाणे मोजता आले पाहिजेत. नव्या धानाचा तांदूळ गिचका, चिकट होतो, म्हणून तो घरच्यांनी आणि मजुरांनी खायचा. कोणाच्या घरी गिचका भात मिळाला, तर टेकचंद तोंडाने काही बोलत नसत, पण त्या घराबद्दलचं मत कायमचं ठरवून येत.

तेव्हा उमेंद्रने साहजिकच कोठीतला जुना तांदूळ काढला. होणाऱ्या बायकोच्या पोटात जाणार, तर सगळ्यात उंची माल जायला हवा. टिक्की तव्यावर टाकली, आणि इतके दिवस निदान दोन तुकड्यांत तरी राहणारी ती टिक्की आता सरळ पसरली. भाताचा दाणा न् दाणा सुटा होऊन तेलात उड्या मारू लागला. उमेंद्रने मोबाइलवरच्या बाईला शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं.

शुक्रवारी शेतावर धानाची मळणी चालू होती. दुपारी मजुरांबरोबर तोही बांधावर जेवायला बसला. नव्या तांदळाचा भात, वर लाखोरीच्या डाळीचं वरण. खाता खाता डोक्यात तीच टिक्की. चेतनाला फोन करून खरं काय ते सांगून टाकावं, असंही मनात आलं. तेवढ्यात कोणी तरी ट्रॅक्टर मागे घे म्हणून हाक मारली. हा उठला, हात झटकला, भात पडेना. पुन्हा झटकला, तरी पडेना. बोटांना चिकटलेल्या त्या गोळ्याकडे तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. ज्या भाताला घराने आजवर नावं ठेवली, तो हात सोडायला तयार नव्हता. बाजूच्या बाईने विचारलंही, की मास्तर, भुताटकी दिसून राहिली का?

संध्याकाळची टिक्की फुटली नाही. नवा भात कोमट असतानाच मळून बरबटीत घातला, गोळे थापून तासभर फ्रिजमध्ये ठेवले आणि तवा चांगला तापू दिला. कड तांबूस होईपर्यंत उलथन्याला हात लावायचा नाही, हे सगळ्यात कठीण होतं. थांबणं हा काही उमेंद्रचा स्वभाव नव्हे. त्याने एका हाताने दुसरा हात धरून ठेवला. मग उलटवली. टिक्की अखंड उलटली.

घरात आनंदीआनंद झाला, तो टेकचंदला कारण कळेपर्यंत. मग ते कधी नव्हे ते तापले. "पाव्हन्याले नवा तांदूर? अन् तोही भैयाजीले? माह्या कोठीत जुना नाही म्हनून गोंदियाभर हासतीन." त्यापेक्षा लग्न मोडलेलं बरं, असंही ते म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर पस्तावले, कारण उमेंद्र काहीच बोलला नाही. शेवटी शामकलाबाईंनी मध्ये पडून तोड काढली. ताटात भात जुनाच वाढायचा. टिक्कीच्या पोटात काय आहे, ते कोण पाहायला जातं?

रविवारी भैयाजी, चेतना आणि तिचे मामा आले. घर पाहिलं, म्हशी पाहिल्या, कालवा पाहिला. चेतना मात्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि उमेंद्र टिक्क्या भाजतोय का दुसरं कोणी, ते डोळ्यांनी बघून गेली. तिरोड्याच्या बेकरीचे पाव तुपावर शेकलेले, आत टिक्की, टमाटर, कांद्याची चकती, जवसाची चटणी. भैयाजींनी पहिला घास घेतला. काही सांडलं नाही. दुसरा घेतला, तरी टिक्की जागच्या जागी. मामा म्हणाले, वा भाई, बढिया. शामकलाबाईंनी पदराने घाम टिपला.

आणि भैयाजी थांबले. शितावरून भाताची परीक्षा लोक बोलण्यापुरती करतात, भैयाजींनी तिच्यावर संसार केला होता. त्यांनी टिक्कीच्या कडेचा एक कण काढला, अंगठ्याने बोटावर रगडला आणि शांतपणे म्हणाले, "हा यंदाचा तांदूळ आहे."

टेकचंदची मान खाली गेली. मघाशी कोठी दाखवताना ते छाती काढून चालले होते. उमेंद्रला वडिलांकडे बघवेना. त्याच्या जिभेवर तयार उत्तरं होती: चुकून पडला असेल, चक्कीवाल्याने बदलला असेल. आयुष्यात पहिल्यांदा ती जीभ डोक्यासाठी थांबली.

"हो, नवाच आहे," तो म्हणाला. "मीच घातला, बाबांचा नकार होता. जुन्याने फुटून राहिला होता. अन् आणखी एक. बर्गर मी या सोमवारपासून शिकून राहिलो. त्या दिवशी गच्चीवर मी खोटं बोललो."

भैयाजींनी बर्गर ताटात ठेवला. उमेंद्रला वाटलं, संपलं. त्याचा चेहरा इतका पडला की मामांनी नजर म्हशींकडे वळवली.

"मग माझंही ऐका," चेतना म्हणाली. भैयाजी एकदम खोकले, पण ती थांबली नाही. "माझा भात गिचका होतो. मोजून पाणी घातलं, तरी होतो. मिलवाल्याची पोरगी, म्हणून बाबांनी सांगितलं होतं, तिकडे भाताचं बोलू नको. इथली कोठी पाहिली तेव्हापासून मला तेच खातंय."

आता सगळे टेकचंदकडे बघू लागले. उमेंद्रने तर आशाच सोडली, कारण या बाबतीत वडिलांचं मत एकदा ठरलं की बदलत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक.

"किती गिचका?" टेकचंदने विचारलं.

"पळी उभी राहते."

टेकचंदने आपल्या ताटातला बर्गर उचलला. आठवडाभर त्यांनी भुगाच खाल्ला होता, अख्खा बर्गर आज पहिल्यांदा. नव्या तांदळासकट त्यांनी तो चावला, गिळला, आणि चेतनाकडे बघून म्हणाले, "बाई, जुना मी शिजवीन. नवा तू शिजव."

भैयाजी आधी हसले, मग मामा. शामकलाबाई डोळे पुसत आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. चेतनासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "पोरी, लावू का?"

चेतनाने एकदा उमेंद्रकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला नाही. तिने हातातला घास संपवला, तोंड पुसलं आणि कपाळ पुढे केलं.