साडेसहाची नळी

खरं सांगते, वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी आजवर टवाळी करायलाच वाचत आले. माझं कामच मेंदूचं. 'अंगावर काटा आला' असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात आधी त्यामागची रसायनं येतात... तरी आज मीच लिहायला बसलेय.

मी मूळची निपाणीची. आईनं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि मला शिकवलं. आता बेळगावात टिळकवाडीत राहते आणि विडी कामगार बायकांच्या ताणावर संशोधन करते. पद्धत साधी — सकाळी उठल्यावर एकदा आणि साडेसहाला एकदा कापसाचा बोळा चघळायचा, नळीत घालायचा, वर तारीख-वेळ लिहायची. ताण आला की मेंदूच्या हुकमानं कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं, ते थुंकीत सापडतं. अट एकच, दोन्ही नळ्या भरेपर्यंत मिश्री लावायची नाही. तंबाखूनं आकडे बिघडतात. आमच्या बायकांना ही म्हणजे शिक्षाच!

आई हट्टाला पेटली. "सगळ्या गल्लीची थुकी चालती, आन् माझीच न्हाय व्हय गं?" घरच्या माणसाचा नमुना धरता येत नाही, हे तिला पटेना. शेवटी दिल्या तिलाही नळ्या. ती त्या निपाणीच्या घरी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात इमानदारीनं ठेवायची. बायकांना धीर यावा म्हणून मीही रोज त्याच वेळी बोळा चघळायचे.

त्याच सुमारास मला दिवस गेले. लग्नाला नऊ वर्षं झालेली. आधी दोनदा हुकलं होतं, आणि दोन्ही वेळा आईला सावरणं मला जड गेलं होतं. म्हणून या खेपेला तिला कळूच द्यायचं नाही, असं ठरवलं. नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो कामासाठी बेंगळुरूला.

एका गुरुवारी सकाळी सहाच्या सुमारास पोटात कळ आली आणि सगळं संपलं. बाथरूमच्या फरशीवर बसून रडत होते... आणि साडेसहाचा गजर वाजल्यावर मी बोळा तोंडात घातला! सवय म्हणा, वेड म्हणा. नवऱ्याला फोनसुद्धा त्यानंतर केला. आईला नाहीच.

अकराच्या आत आई दारात. हातात पिशवी, निपाणीहून बसनं आलेली. "काय न्हाय, आलते अशीच," एवढंच म्हणाली. तीन दिवस राहिली, अळिवाची खीर करून घातली, काही विचारलं नाही. माझा चेहरा पाहून ओळखलं असेल, असं मी धरून चालले. पण चेहरा तर तिला आल्यावर दिसला ना... हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

महिन्याभरानं नमुन्यांचे आकडे आले. वर्षानुवर्षं ताणात राहिलेल्या माणसाचं सकाळचं कॉर्टिसॉल बऱ्याचदा फारसं चढतच नाही. आलेखावर आईची रेघही तशीच सपाट. एक नळी सोडून. गुरुवार, साडेसहा — रेघ एकदम वर. माझीही त्याच वेळी वर. माझ्या रेघेला कारण होतं. तिच्या?

उरलेला नमुना पुन्हा तपासला. तेच. अदलाबदल म्हणावी तर नळीवर वेळ तिच्याच वाकड्या अक्षरात. मग मिश्रीच! मला हायसं वाटलं. तावातावानं फोन लावला.

"आई, त्या गुरुवारी आधी मिश्री लावलीस ना? खरं सांग."

"न्हाय गं. त्या दिशी तर दिसभर लावली न्हाय. उठले तवा पोटात कळ आली. तू झालीस तवा आलती, तसली. म्हटलं, ह्या वयात मला कसली कळ... ही माझी न्हवं. नळी तेवढी भरली आन् बस धरली."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू सांगंना झालीस. मला वाटलं, तुला माझीच काळजी पडलीया."

त्या बाळासाठी आम्ही दोघी मिळून पहिल्यांदा रडलो, ते असं फोनवर.

ते दोन्ही नमुने मी संशोधनात धरले नाहीत. नियमानं धरताही येत नाहीत. एका नळीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सारखं सांगते आणि ते खरंच आहे.

एकच बदललं. आता काही झालं की पहिला फोन आईला. ती 'काय झालं?' असं विचारत नाही. "व्हय, बोल," म्हणते.